साठ घोड्यांचे अंदाजपत्रक

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात मोटारीच्या इंजिनावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. माझे उत्तर सरळ आहे. आपण राहतो ते गाव इंजिनांवर उभे आहे. आकुर्डी, भोसरी, पिंपरी आणि आता चाकण. पहाटे कंपनीच्या बसगाड्या ज्या कोपऱ्यांवर थांबतात, त्याच कोपऱ्यांवरून आपण महाविद्यालयात येतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कोणीतरी लेथवर, कोणी असेंब्लीत, कोणी टूलरूममध्ये उभे राहून संसार चालवला आहे. शिवाय खरे सांगावयाचे तर हा लेख जितका इंजिनाविषयी आहे तितकाच मर्यादित पैशाच्या वाटपाविषयी आहे, आणि तो विषय आमच्या अर्थशास्त्राच्या वर्गातलाच होय.

माझ्या मामांकडे सॅन स्टॉर्म नावाची एक छोटी स्पोर्ट्स कार आहे. पुष्कळांनी हे नावही ऐकले नसेल. १९९८ च्या सुमारास सॅन मोटर्स या कंपनीने ही गाडी गोव्यात बनवावयास घेतली. दोनच माणसांची, टप उघडणारी, फायबरच्या अंगाची आणि म्हणून वजनाला हलकी. इंजिन मात्र अगदी घरगुती: फ्रान्सच्या रेनो कंपनीच्या क्लिओ आणि ट्विंगो या लहान कौटुंबिक मोटारींत बसणारे, १,१४९ घनसेंटिमीटरचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे. थोडक्यात, अंगकाठी पहिलवानाची आणि फुप्फुसे कारकुनाची. अशा गाड्या फार बनल्या नाहीत. मामांनी ती वापरलेली घेतली आणि टूलरूममधली फिटरची नोकरी सांभाळून वर्षानुवर्षे स्वतःच दुरुस्त केली.

गेल्या वर्षी मामा निवृत्त झाले. हाती आलेल्या पैशातून त्यांनी दोन लाख रुपये गाडीसाठी बाजूला काढले. मामींनी विरोध केला नाही. फक्त एक अट घातली. "हे दोन लाख एकदाच. परत मागायचे नाहीत. आणि हिशोब भाच्याने ठेवायचा, तुम्ही नाही." मामांची इच्छा एकच होती: गाडीची शक्ती वाढावी, पण ती रस्त्यात बंद पडू नये. शहरातल्या एका गॅरेजने त्यांना एक लाख ऐंशी हजारांत टर्बो बसवून तीस टक्के शक्ती वाढवून देण्याचे कबूल केले होते. "बघ, हिशोबात बसतंय का," एवढेच मामा मला म्हणाले. त्या हिशोबासाठी मला जे शिकावे लागले ते येथे मांडतो.

इंजिन म्हणजे अखेर लोहाराचा भाता होय. पिस्टन खाली जाताना हवा आणि पेट्रोल आत ओढतो, वर येताना ते दाबतो, ठिणगीने ते पेटते आणि पिस्टनला खाली ढकलते, मग जळलेला धूर बाहेर फेकला जातो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदाच भरतो. १,१४९ घनसेंटिमीटरचे इंजिन मिनिटाला ५,२५० फेरे फिरले, तर पूर्ण भरले असे धरून ते मिनिटाला सुमारे ३,००० लिटर हवा पिते. पेट्रोल वाढवणे सोपे असते. अवघड असते ती हवा. एक भाग पेट्रोल जाळावयास वजनाने सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते, आणि ती निमुळत्या वाटांतून, झडपांच्या फटींतून, सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात आत शिरावी लागते.

आता अश्वशक्ती म्हणजे काय? क्रँकला बसणारा पीळ, ज्याला गॅरेजमध्ये टॉर्क म्हणतात, गुणिले मिनिटाचे फेरे. पीळ किलोग्रॅम-मीटरमध्ये घेऊन फेऱ्यांनी गुणावा आणि ७१६ ने भागावे, की अश्वशक्ती मिळते. या रेनो इंजिनाचा सर्वांत मोठा पीळ सुमारे साडेनऊ किलोग्रॅम-मीटर, तोही २,५०० फेऱ्यांवर. तेथे शक्ती होते अवघी ३३. पूर्ण ६० अश्वशक्ती ५,२५० फेऱ्यांवर मिळते, आणि उलटा हिशोब केला तर तेथे पीळ ८.२ वर उतरलेला असतो. म्हणजे वेग वाढतो तसा भाता नीट भरेनासा होतो. आमच्या मराठीच्या मॅडमनी हे ऐकून विचारले, "म्हणजे धावताना दम लागतो तसेच ना?" अगदी तसेच.

शक्ती वाढवण्याचे मार्ग यावरून आपोआप दिसतात. भाता मोठा करावा, तो जास्त वेळा हलवावा, किंवा दर वेळी त्यात जास्त हवा कोंबावी.

भाता मोठा करणे म्हणजे मोठे इंजिन बसवणे. हा मार्ग आम्ही पहिल्याच दिवशी बंद केला. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानुसार कारखान्याने ठरवलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच अर्थाचा निर्णय दिला. अपघात झाला तर विमा कंपनी प्रथम हेच पाहील. येथे कोणी म्हणेल की आपल्याकडे कारखान्यांनीच दुसऱ्याची इंजिने बसवली नाहीत का? बसवली. प्रीमियर ऑटोमोबाईल्सने १९८५ मध्ये ११८ एनई बाजारात आणली. तिचे अंग फियाट १२४ चे होते आणि इंजिन निस्सानचे, १,१७१ घनसेंटिमीटरचे. परंतु कारखाना असा बदल करतो तेव्हा गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, ब्रेक, थंड करण्याची व्यवस्था हे सर्व एकमेकांशी जुळवून घेतो आणि सरकारी चाचणी करून घेतो. गल्लीतल्या शेडमध्ये हे सर्व होत नाही, आणि झाले तर दोन लाखांत होत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे फेरे वाढवणे. वेगळा कॅमशाफ्ट बसवून झडपा जास्त वेळ उघड्या ठेवल्या तर इंजिन वरच्या फेऱ्यांवर नीट श्वास घेते. येथे पदार्थविज्ञान आडवे येते. पिस्टन वर जाऊन क्षणभर थांबतो आणि उलट फिरतो. प्रत्येक वेळी त्याला थांबवण्याचे ओझे कनेक्टिंग रॉडवर आणि त्याच्या बोल्टवर पडते. हे ओझे फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५,२५० चे ६,५०० फेरे केले तर फेरे वाढतात २४ टक्के आणि ओझे वाढते ५३ टक्के. जुन्या बोल्टवर हा भार टाकावयाचा असेल तर नवे रॉड, नव्या बेअरिंग, क्रँकचे तोलन हे सारे अंदाजपत्रकात येते. शिवाय खालच्या फेऱ्यांवरचा पीळ घटतो. निगडी ते चिंचवड दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या माणसाला याचा उपयोग काय?

तिसरा मार्ग टर्बोचा. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो हवा दाबून आत लोटतो. कल्पना सुंदर आहे. पण दाबलेली हवा तापते. तापलेले मिश्रण ठिणगीआधीच किंवा अवेळी भडकते. गॅरेजवाले म्हणतात "इंजिन ठोकतंय". हा ठोका पिस्टनला भोक पाडू शकतो. रांजणगावच्या कारखान्यात फियाटची लिनिया टी-जेट बनत असे, तिच्या १.४ लिटरच्या इंजिनातून टर्बोच्या साहाय्याने ११४ अश्वशक्ती मिळे. तेथे पिस्टन, दाबाचे प्रमाण, वंगण, इंधनाचा नकाशा हे सर्व टर्बो गृहीत धरूनच आखलेले होते. आमच्या हाती आलेल्या एक लाख ऐंशी हजारांच्या कोटेशनमध्ये टर्बो होता, नळ्या होत्या, बसवण्याची मजुरी होती. क्लच नव्हता, रेडिएटर नव्हता, ब्रेक नव्हते. मी मामांना एवढेच दाखवले की उरलेल्या वीस हजारांत या तिन्ही गोष्टी बसत नाहीत.

आणि तीस टक्के शक्तीने मिळते तरी काय? सपाट रस्त्यावर वेगात जाताना मुख्य शत्रू वारा असतो. वाऱ्याला रेटावयास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. शक्ती २५ टक्के वाढवली तर कमाल वेग जेमतेम पावणेआठ टक्के वाढतो. ताशी १५० किलोमीटर जाणारी गाडी १६१ जाईल. घटत्या सीमान्त फलाचा नियम प्रथम वर्षाला शिकताना शेताचे आणि खताचे उदाहरण होते. मला ते आज शिकवावयाचे असते तर मी इंजिन घेतले असते.

येथपर्यंत सर्व कागदावर होते. खरा प्रश्न मामांच्या एका जुन्या सहकाऱ्याने विचारला. हे गृहस्थ भोसरीत इंजिन बोअर करण्याचे लहानसे दुकान चालवतात. "साठची ऐंशी करायची म्हणता, पण आज त्यात साठ आहेत का?" कोणी मोजलेच नव्हते.

म्हणून अंदाजपत्रकातले पहिले सहा हजार मोजमापावर गेले. गाडी डायनोवर, म्हणजे चाकांखाली रोलर असलेल्या यंत्रावर चढवली. कारखान्याने सांगितलेली शक्ती इंजिनावरची असते. गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल तिच्यातला काही भाग घर्षणात खातात. तो १५ टक्के धरला तर चाकांवर ५१ मिळावयास हवी होती. मिळाली ४१. मामांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मग कॉम्प्रेशन तपासले. प्लग काढून त्या भोकात दाबमापक लावतात आणि स्टार्टरने इंजिन फिरवतात. चार सिलिंडरांचे आकडे असे आले: १६८, १६५, ११२ आणि १६३ पौंड. तिसरा आजारी आहे हे कोणीही सांगेल. पण कशाने आजारी? याची एक साधी परीक्षा आहे आणि तिला खर्च येतो चमचाभर तेलाचा. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडावयाचे आणि पुन्हा दाब मोजावयाचा. तेल रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवते. दाब एकदम वाढला तर रिंगा किंवा बोअर घासलेले. तसाच राहिला तर वाफ वरून, झडपेतून निसटते आहे. आमचा आकडा ११२ चा ११५ झाला. दोष झडपेचा होता.

या एका चमच्याने पुढचा सारा हिशोब बदलला. रिंगा गेल्या असत्या तर संपूर्ण इंजिन उतरवून बोअरिंग, ओव्हरसाइज पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग असे काम निघाले असते. आता फक्त हेड उतरवावे लागणार होते. हेड उतरवल्यावर भोसरीच्या त्या दुकानात बोअरगेज घालून सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आडवा आणि उभा असा मोजला. सुतार सुताचा हिशोब करतात; येथे हिशोब मायक्रॉनचा असतो, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा. बोअर ठीक निघाले. तिसऱ्या सिलिंडरची धूर सोडणारी झडप मात्र कडेला जळून खाचली होती. दुकानाच्या मालकांनी झडपांचा संच, गाइड बदलणे, सीट कापणे, हेडची बैठक सपाट करणे आणि गॅस्केट यांचा एकत्र खर्च सांगितला. सुटे भाग युरोपातून मागवावे लागले. तेथे हे इंजिन लाखो गाड्यांत गेले असल्यामुळे ते मिळतात, पण जकात आणि टपाल धरून सर्व मिळून अडतीस हजार झाले.

हेड हातात असतानाच शक्ती वाढवण्याचे जे काम स्वस्तात होते ते उरकून घेतले. हवेच्या वाटेत जेथे मॅनिफोल्ड हेडला मिळतो तेथे कित्येकदा गॅस्केटची किंवा ओतकामाची कड आत आलेली असते. ती घासून वाट एकसारखी केली. धूर बाहेर नेणारी नळी आणि सायलेन्सर योग्य मापाचे बसवले. सायलेन्सर काढून टाकणे म्हणजे शक्ती वाढवणे असे आपल्याकडे बऱ्याच तरुणांना वाटते. त्याने आवाज वाढतो आणि पीयूसीचे प्रमाणपत्र अवघड होते, एवढेच. या साऱ्याला अठरा हजार लागले. दोन लाखांपैकी निव्वळ शक्ती वाढवण्यावर खर्च झाले ते हेच अठरा हजार.

उरलेले कोठे गेले? सत्तावीस हजार थंडाव्यावर आणि टायमिंग बेल्टवर: रेडिएटरची नवी जाळी, पाण्याचा पंप, होजपाइप, थर्मोस्टॅट. येथे मामांशी माझा थोडा वाद झाला. त्यांचे म्हणणे, रेडिएटर अजून गळत नाही. परंतु पेट्रोलच्या उष्णतेचा मोठा भाग चाकांपर्यंत पोचतच नाही. तो धुरातून आणि पाण्यातून जातो. जास्त शक्ती म्हणजे जास्त उष्णता. ती महामार्गावर त्रास देत नाही, कारण तेथे वारा असतो. त्रास देते खंडाळ्याच्या घाटात, जेथे इंजिन पूर्ण जोरात असते आणि वेग कमी. आणि चाकणच्या तळेगाव चौकात, जेथे वेग नसतोच. अ‍ॅल्युमिनियमचे हेड एकदा तापून वाकले की अडतीस हजारांचे काम पुन्हा अडतीस हजारांना पडते. मामांनी चौकातला अनुभव आठवला आणि गप्प बसले.

चौदा हजार इंधनाच्या मार्गावर गेले. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. ही गाडी बनली तेव्हा तो विचार कोणी केला नव्हता. जुन्या रबरी नळ्या आणि सील इथेनॉलने फुगतात, चिरतात. शिवाय इथेनॉलला जळावयास पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. म्हणून तेवढेच इंधन फवारले तर मिश्रण पातळ होते आणि पातळ मिश्रण झडपा तापवते. आमची झडप याचमुळे जळाली असे मी म्हणत नाही. पण नव्या झडपा बसवून जुन्या नळ्या ठेवणे हा काटकसरीचा चुकीचा प्रकार झाला असता. नळ्या, सील, फिल्टर बदलले आणि इंजेक्टर साफ करून चौघांची फवारणी सारखी आहे का ते पाहिले. एक अर्धवट तुंबलेला निघाला. चाकांवरच्या दहा घोड्यांपैकी एखाददुसरा तेथेही अडकला असावा.

क्लचला बारा हजार लागले आणि ब्रेक व टायर यांना बेचाळीस हजार. हा सर्वांत मोठा आकडा आहे आणि त्यात एकही अश्वशक्ती नाही. ताशी १०० ऐवजी १२० वरून थांबावयाचे असेल तर ब्रेकना ४४ टक्के जास्त उष्णता गिळावी लागते. येथेही वर्गाचाच नियम. डिस्क, पॅड, लायनर, रबरी नळ्या, मास्टर सिलिंडरचे किट आणि ब्रेकचे नवे तेल. टायरांवर नक्षी चांगली शिल्लक होती, पण ते बनून आठ वर्षे झाली होती आणि रबर दगडासारखे झाले होते. मामींना मी हा आकडा प्रथम दाखवला. त्या म्हणाल्या, "हा एकच खर्च मला न समजावता समजला."

बेरीज झाली एक लाख सत्तावन्न हजार. चाळीस हजार मी राखीव ठेवले. माझ्या मते जुन्या गाडीच्या अंदाजपत्रकात एक पंचमांश रक्कम कोणत्याही कामाच्या नावावर लिहू नये. उघडल्याशिवाय दिसत नाही असे काहीतरी निघतेच. आमच्या बाबतीत इंजिनाचे माउंटिंग फाटलेले निघाले आणि एका चाकाचे बेअरिंग आवाज करू लागले होते. त्यात अकरा हजार गेले. हा खर्च राखीव रकमेतून निघाला म्हणून काम थांबले नाही. अशी रक्कम न ठेवल्यामुळे हेड उतरवलेल्या अवस्थेत वर्षभर ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाड्या आपल्या भागात कोणत्याही गॅरेजच्या मागच्या अंगणात दिसतील.

जोडणी झाल्यावर पहिले हजार किलोमीटर मामांनी गाडी सावकाश चालवली, तेल बदलले आणि मग पुन्हा डायनोवर नेली. चाकांवर ५३ अश्वशक्ती आली. इंजिनाच्या मूळ आकड्याशी तुलना केली तर ही वाढ नगण्य आहे. मामा ज्या गाडीत इतकी वर्षे बसत होते तिच्याशी केली तर एकोणतीस टक्के. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत पाच पौंडांच्या आत सारखे. मे महिन्यात दोघे खंडाळ्याचा घाट चढून लोणावळ्याला गेली, तेव्हा तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. हे मामींनी फोन करून सांगितले. काटा कोठे असावा लागतो हे त्यांना आता ठाऊक आहे.

राखीवातले एकोणतीस हजार आणि अंदाजपत्रकाबाहेर उरलेले तीन हजार बँकेत आहेत. मामा हल्ली कॅमशाफ्टची चौकशी करू लागले आहेत. मी त्यांना म्हटले, "मामा, रॉडच्या बोल्टसह कोटेशन आणा, मग बघू." ते अजून आलेले नाही.